गोरेगावच्या खाडीवरचं पिलूचं झुडूप आणि आमचा पोटखराबा



पंधरा दिवस झाले, नोंद टाकली नाही. मुंबईला गेलतो, गोरेगावला, थोरल्या दादाकडं. काम घरचं होतं, पण डोक्यात शेतीच घेऊन परत आलो. जरा लांबलंय, सवडीनं वाचा.

आधी घरची हकिकत सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. आटपाडी तालुक्यात आमची सात एकर. चार एकर ओढ्याकाठची काळी, तीन एकर वरचा माळ. सातबाऱ्यावर या माळाची नोंद आहे ‘पोटखराबा’. म्हणजे सरकारदरबारी ती जमीन पिकाच्या हिशेबातच नाही. वीतभर मुरूम, खाली कातळ. त्यावर तरवड, हेकळ, चार-पाच बोरी, कडेनं हिवर, एक जुना हिंगण आणि पावसाळ्यानंतर पायात घुसणारं कुसळी गवत. बास.

कराडजवळच्या टेंभूपासून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून आमच्याकडं आलं, तेव्हा सगळ्यांसारखा मीही हरखलो. डाळिंबाची बाग तेलकट डागानं आधीच गेली होती. काळ्या रानात ऊस लावला. पहिल्या वर्षी टनेज बघून गावात मान ताठ करून हिंडलो. तिसऱ्या वर्षी ओढ्याकडच्या सऱ्यांत ऊस गुडघ्याएवढाच राहिला, पानांचे शेंडे जळाल्यासारखे. मी म्हटलं पाणी कमी पडतंय. पाळी दहा दिवसांवरून आठवर आणली. तर चौथ्या उन्हाळ्यात वरंब्यांच्या माथ्यावर पांढरं फुटलं.

माती तपासली नव्हती असं नाही. अहवालात ईसी आलं होतं १.९ आणि पीएच ८.२. कुठंतरी ऐकलेलं डोक्यात होतं की ईसी चारच्या पुढं गेलं की जमीन क्षारपड. मी म्हटलं आपलं तर निम्म्यातच आहे, आणि कागद घडी करून ट्रंकेत ठेवला. या कागदाकडं पुढं परत येतो, कारण खरी चूक तिथंच होती.

आता दादा. दादानं गाव सोडलं १९७२ सालच्या दुष्काळात. वय अठरा. मी चार वर्षांचा, मला फक्त लाल मिलोची भाकरी आणि सुकडी एवढंच आठवतं. दादानं दुष्काळी कामावर खडी फोडली, नंतर गावच्या एकाच्या ओळखीनं गोरेगावच्या एका कारखान्यात लागला आणि बॉयलरवर आयुष्य काढलं. आता सत्तरी ओलांडली. गेल्या दिवाळीपासून एकच ध्यास घेतलाय. माळाला जेसीबी लावायचा, बोरी-हिवर उपटायचे, कातळावर ओढ्याची गाळमाती टाकायची, वर शेततळं करायचं आणि तीन एकर डाळिंब लावायचं. पैसे त्याचे, फंडाचे साठवलेले. फोनवर म्हणाला, “त्या माळानं मला देशोधडीला लावलं. मरायच्या आधी त्यो हिरवा बघायचाय मला.”

यावर धाकट्या भावानं काय बोलायचं? मी हो म्हणूनच गाडीत बसलो होतो.

मे महिन्याचा दुसरा आठवडा. गोरेगाव म्हणजे घामाच्या धारा. दादा पूर्वेला राहतो. सकाळी फिरायला आरेकडं घेऊन गेला. १९४९ साली वसवलेली ही दुधाची वसाहत. दादा म्हणतो तो आला तेव्हा तबेल्यांचा वास रस्त्यापर्यंत यायचा. मला मात्र नवल वाटलं ते एका टेकाडाचं. उघडा काळा पाषाण, आणि त्याच्या कपारीत काटेरी निवडुंग, आपल्याकडं बांधावर असतो तो शेराच्या जातीचा. आजूबाजूला झाडी, आणि या खडकावर अगदी माणदेशातलं चित्र.

मी म्हटलं, “दादा, इथं पाऊस किती पडतो हो?”

“किती म्हंजे? २६ जुलैला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. मी कारखान्यातनं दुसऱ्या दिवशी चालत घरी आलो.”

ते २००५ साल. सांताक्रूझच्या वेधशाळेतली नोंद आहे ती. आणि वर्षाची सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर. आमच्या आटपाडीत वर्षाला पाचशेसुद्धा धड होत नाही. म्हणजे आम्हाला दोन वर्षांतही मिळत नाही तेवढा पाऊस इथं एका दिवसात पडला, आणि तरी खडकावर निवडुंगच. कारण सरळ आहे. पाऊस चार महिन्यांत उरकतो, खडकाला धरून ठेवायला माती नाही, उरलेले आठ महिने त्या झाडाच्या दृष्टीनं वाळवंटच. निवडुंग दिवसा पानांची भोकं मिटून बसतो आणि रात्री उघडून हवा घेतो, म्हणजे उन्हात पाणी उडत नाही. खोडात साठवलेल्या ओलीवर दिवस काढतो.

एवढं बघून मी गप्प बसलो असतो. पण दादाची नात वनस्पतीशास्त्र शिकते. तिनं आमचं बोलणं ऐकलं आणि संध्याकाळी म्हणाली, “आबा, पश्चिमेला चला. तुम्हाला तुमचं शेत दाखवते.”

मला वाटलं पोरगी चेष्टा करतेय.

लिंक रोड ओलांडून आम्ही खाडीच्या कडेला गेलो. आधी झोपड्या, मग भरावाची माती, राडारोडा, आणि त्याच्या पलीकडं तिवरांचं जंगल. मुंबईत याला खारफुटी म्हणतात, कांदळवनही म्हणतात. आमच्याकडं सांगली भागात क्षार फुटलेल्या जमिनीला मीठफुटी म्हणतात. शब्द शेजारीशेजारीच आहेत, पण मी कधी जोडले नव्हते.

मी समजत होतो की खाडीत जिकडंतिकडं सारखंच जंगल असेल. तसं नव्हतं. पाण्याच्या काठाला तिवर चांगलं डोक्यावर गेलेलं. जसजसं जमिनीकडं यावं तसतसं तेच झाड खुरटत खुरटत कमरेएवढं, मग गुडघ्याएवढं. आणि मग एक पट्टा पूर्ण मोकळा. चिखल वाळून भेगा पडलेला आणि वर पांढरी खपली. कडेकडेनं जमिनीला चिकटून लालसर, जाड मांसल पानांची मोरस. त्याच्याही पुढं, थोड्या उंच बांधावर, गर्द हिरवी, खाली वाकलेली झुडपं.

मी त्या पांढऱ्या पट्ट्यावर उभा राहिलो आणि पोटात गोळा आला. ओढ्याकडच्या माझ्या सऱ्या. तीच खपली, पायाखाली तसाच कुरकुर आवाज, आणि कडेला तसंच खुरटलेलं पीक.

नात म्हणाली, “समुद्राजवळ आहे म्हणून नाही आबा, इथं समुद्रापेक्षाही जास्त मीठ आहे.” काठावर रोज दोनदा भरती येते आणि मीठ धुऊन परत नेते. या पट्ट्यावर पाणी चढतं फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला. चढतं, साचतं, उन्हानं उडून जातं आणि मीठ मागं राहतं. पुढच्या उधाणाला परत तेच. जिथं पाणी येतं पण निघून जायला वाट नाही, तिथं मीठ साचत जातं.

मग तिनं उंच बांधावरच्या झुडपाचं पान तोडून दिलं. “चावा.” जाडसर, लांबट, फिकट हिरवं. चावलं तर मोहरीसारखं झणझणीत. म्हणाली, हे पिलू. दातवणाला वापरतात ते मिसवाक याच झाडाचं. राजस्थानात याला खारी जाळ म्हणतात. थरच्या वाळवंटात, कच्छच्या रणाच्या कडेला, अरबस्तानात, पार आफ्रिकेच्या सहारा वाळवंटाच्या काठापर्यंत हे झाड आहे. तिथं वर्षाला दोनशे-तीनशे मिलिमीटर पाऊस. आणि हे गोरेगावात, दोन हजारांत, लोकलच्या आवाजाच्या अंतरावर सुखानं उभं.

मंडळी, मी तीस वर्षं शेती करतोय. पाऊस कमी म्हणजे कोरडवाहू, पाणी आलं म्हणजे बागाईत, एवढाच आपला हिशेब. या झुडपानं तो मोडला.

नातीनं सांगितलं ते असं. शिम्पर नावाचा जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञ होता. १८९८ साली त्याचं मोठं पुस्तक निघालं. त्यात त्यानं जमिनीच्या कोरडेपणाचे दोन प्रकार मांडले. एक, पाणीच नाही. दुसरा, पाणी आहे पण मुळाला ओढता येत नाही. खाडीतली झाडं जाड पानांची, पाणी जपून वापरणारी का, तर पाण्यात पाय असूनही ती कोरड्यातच उभी आहेत.

“पाणी आहे, पण मुळाला ते महाग पडतं,” असं ती म्हणाली. मला हे पटकन कळलं.

किती महाग, त्याचा आकडा मी मुद्दाम लिहून आणला. बहुतेक पिकांची मुळं साधारण १५ बारपर्यंत जोर लावून मातीतलं पाणी ओढू शकतात, त्यापुढं पीक कायमचं सुकतं. समुद्राच्या पाण्यातलं मीठ मागं सोडून नुसतं पाणी ओढायचं तर २५ बार लागतात. तुलनेला सांगतो, मालट्रकच्या टायरीत हवा असते आठ बारच्या आसपास. तिवर एवढा जोर लावतं, बरंचसं मीठ मुळाशीच अडवतं आणि आत आलेलं पानांवाटे बाहेर टाकतं. पानाच्या पाठीवरनं बोट फिरवून चाटलं, खारट लागलं. पिलू मीठ जाड पानांत साठवतं आणि जुनी पानं गाळून टाकतं. उसाला यातलं काहीच येत नाही.

आता त्या कागदाकडं. रात्री नातीनं घरून फोनवर अहवालाचा फोटो मागवला आणि खालची बारीक ओळ वाचली, ‘१:२.५’. म्हणजे एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून मोजलेलं ईसी. आणि चार ही जी क्षारपड जमिनीची हद्द सांगतात, ती मातीचा पाण्यानं नुसता लगदा करून, त्यातनं काढलेल्या पाण्याची. अडीच भाग पाण्यात मीठ विरळ होतं, आकडा लहान येतो. काळ्या जमिनीत ढोबळमानानं तिप्पट धरायचा. म्हणजे माझं १.९ हे खरं साडेपाचच्या पुढं होतं. या लगद्याच्या मापानं कांद्याचं उत्पन्न १.२ पासून घटायला लागतं, उसाचं १.७ पासून. गहू ६ पर्यंत, ज्वारी ६.८, कापूस ७.७ पर्यंत तग धरतो. मी साडेपाचमध्ये ऊस लावून त्याला पाण्यावर पाणी देत होतो. कृषी क्षेत्रातली मंडळी हे वाचत असतील तर एक विनंती, शेतकऱ्याच्या हातात अहवाल देताना ही ओळ मोठ्यानं वाचून दाखवा.

चूक टेंभूच्या पाण्याची नाही, हेही सांगतो. पाणी गोडच आहे. पण गोड पाण्यातही लिटरला तीनशे मिलिग्रॅम क्षार धरा. उसाला वर्षाला दोन मीटर पाणी पाटानं सोडलं, तर एकराला ८० लाख लिटर होतं. गुणाकार करा. २४०० किलो. पन्नास किलोची अठ्ठेचाळीस पोती मीठ मी दर वर्षी एकेका एकरात ओतत होतो, आणि आमच्या पावसात ते धुऊन निघत नाही. काळ्या चिकणमातीत खाली मुरतही नाही. पाणी उडतं, मीठ राहतं.

हे मी जेवताना दादाला सांगत होतो. दादा भाकरी मोडता मोडता थांबला.

“म्हंजे तू ब्लोडाऊनच देत न्हवतास.”

“काय?”

मग तो बोलायला लागला, आणि मंडळी, हे कुठल्या पुस्तकात नाही. बॉयलरमध्ये पाणी घालत राहायचं, वाफ निघून जाते, क्षार आतच राहतात. दर पाळीला खालचा व्हॉल्व्ह उघडून थोडं खारट पाणी फेकून द्यावं लागतं, त्याला ब्लोडाऊन म्हणतात. नाही दिला तर नळ्यांवर क्षाराचा थर चढतो, बॉयलर गरम होत जातो आणि एक दिवस फुटतो. “लई पाणी घातलं म्हणून बॉयलर वाचत न्हाई. खालनं काढलं तर वाचतोय. तुझ्या रानाला खालचा व्हॉल्व्हच न्हाई.”

सहा महिने मी ज्याला माती समजावत होतो, त्यानं मला एका वाक्यात निचरा समजावला.

वैनी हसून म्हणाल्या, “भावजी, चाळीस वर्षं ह्यांनी मला बॉयलरच सांगितलाय. आज पहिल्यांदा कामाला आला.”

पण खरी गाठ पुढंच होती. दादा विचार करत होता. थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, “मग माळावर शेततळं करून डाळिंबाला पाणी सोडलं, तर ते मुरमातनं जाईल कुठं?”

मी उत्तर द्यायच्या आधीच त्याला कळलं होतं. माळाचा उतार काळ्या रानाकडं. मुरूम चाळणीसारखा. वरचं जास्तीचं पाणी कातळावरनं खाली सरकत आमच्याच ओढ्याकाठच्या रानात उतरणार, तिथली पाण्याची पातळी वर येणार, आणि खोलवरचं मीठही घेऊन येणार. फक्त आमच्याच नाही, शेजारच्याच्याही रानात.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात नेमकं हेच झालंय. तिथं गव्हासाठी मैलच्या मैल देशी झुडपी रान साफ केलं. झुडपं खोल मुळांनी पावसाचं पाणी वर्षभर पिऊन टाकायची, गहू तेवढं पीत नाही. उरलेलं पाणी खाली मुरलं, जमिनीखालचं खारं पाणी वर चढलं आणि सखल भागातली रानं पांढरी पडली. आज तिथं दहा लाख हेक्टरच्या वर जमीन अशी बाधित आहे. गंमत म्हणजे हे कारण १९२४ साली लिहून ठेवलं ते वुड नावाच्या एका रेल्वे इंजिनिअरनं. वाफेच्या इंजिनाला लागणारं पाणी झाडं तोडल्यावर खारट होत गेलेलं दिसलं म्हणून. नातीनं हे सांगितल्यावर दादा म्हणाला, “बघ. बॉयलरवालाच निघाला.”

तरी दादा लगेच हो म्हणाला असं समजू नका. दोन दिवस घरात अबोला होता. त्याचं दुःख डाळिंबाचं नव्हतंच. अठराव्या वर्षी पोटासाठी ज्या माळाकडं पाठ करून गेला, त्याला तो माळ हरवायचा होता. तिसऱ्या दिवशी चहाला मी विषय काढला. म्हटलं, दादा, बहात्तरला आपल्याकडं शेरडं किती होती? म्हणाला सहा. जगली किती? पाच. काय खाऊन? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “हिवराच्या शेंगा. आई आकडीनं पाडायची. आन बोरीचा पाला.”

काळ्या रानात त्या वर्षी काडी उगवली नव्हती. पाऊस तेवढाच कमी, पण माळावरच्या हिवराला शेंगा होत्या. मुळं कातळाच्या फटीतनं कुठवर गेली असतील देव जाणे.

गावी आल्यावर मी सगळ्यात आधी माळावर गेलो. तीस वर्षं गुरं घेऊन फिरलोय, पण आता नव्या नजरेनं बघितलं. पुस्तकाप्रमाणं खरं वाळवंट म्हणायला पाऊस अडीचशे मिलिमीटरच्या खाली लागतो. महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर कोसळून ढग आमच्याकडं रिकामे येतात, तरी आम्ही त्या हिशेबात बसत नाही. आमचा भाग निमकोरडा, अर्धशुष्क. पण पाऊस तालुक्यावर पडतो, आणि झाडाला मिळतं ते त्याच्या मुळाखालच्या वीतभर मातीत काय राहिलं तेवढंच. त्यामुळं एकाच माळावर वीस पावलांत गाव बदलतं.

अगदी माथ्यावर, जिथं कातळ उघडा आहे, तिथं निवडुंग आणि बोटभर कुसळी. चार बोटं मुरूम झाला की हेकळ आणि तरवड. तरवड जास्त आहे, त्याचं कारण मला ठाऊक आहे आणि ते आमच्या गुरांचं आहे. तरवडाला गुरं तोंड लावत नाहीत. जिथं चराई अति होते तिथं खाण्यासारखं सगळं संपतं आणि तरवड राहतो. आमच्या माळावर पवना आणि मारवेल आता फक्त बोरीच्या काट्यांत, जिथं शेळीचं तोंड पोचत नाही तिथं उरलंय. उतारावर हातभर माती, तिथं बोरी आणि हिंगण. ओहोळाच्या काठाला हिवर. एक नेपतीचं झुडूप आहे, त्याला पानं जवळजवळ नाहीतच, हिरव्या काड्याच पानाचं काम करतात. चैत्रात लाल फुलांनी भरतं.

बोरीखाली बसून हातानं माती उकरली. बाहेर खडे, आणि बोरीच्या बुंध्याशी चार बोटं भुसभुशीत काळसर माती, मुंग्या, पक्ष्यांची विष्ठा, उंबराचं एक रोप. वाऱ्यानं उडालेली धूळ आणि पालापाचोळा झुडूप अडवतं, त्याच्या सावलीत ओल टिकते, पक्षी बी टाकतात. वाळवंटी भागात प्रत्येक झुडूप असं सुपीक मातीचं एक बेटच असतं. दोन झुडपांच्या मधली मोकळी जागा आपल्याला ओसाड वाटते, पण तिच्याखाली दोघांची मुळं पसरलेली असतात. तेवढ्या पाण्यात तिसऱ्याला जागाच नसते. राजस्थानात शेतकरी बाजरीत खेजडी राखतात, तोडत नाहीत. खेजडी म्हणजे आपली शमी. आपण दसऱ्याला पूजा करतो आणि बांधावरनं काढून टाकतो.

जेसीबीनं ही बोर काढली असती तर ती चार बोटं माती पहिल्याच वळवानं ओढ्यात गेली असती. ती व्हायला किती वर्षं लागली असतील? आई होती तेव्हाही बोर एवढीच होती.

बरं, ठरलं काय ते सांगतो. माळ तसाच ठेवायचा. दोन पावसाळे चराई बंद, गवत कापून न्यायचं. काटेकुंपण करायला वेड्या बाभळीच्या फांद्या आहेतच. ती मात्र माळावर घुसू द्यायची नाही, उपटायची. शेततळ्याचं नाव काढलं नाही. दादाचे पैसे खालच्या रानात निचऱ्याला लावायचे. दादा म्हणाला, “व्हॉल्व्ह बसवायला पैसे देतो.” ऊस मोडला. पाऊस झाला की धैंचा, मग रब्बीला ज्वारी. ओढ्याकडची दहा गुंठे सगळ्यात खराब, तिथं सध्या काहीच करायचं नाही. माझा पीएच साडेआठच्या आत आहे म्हणून जिप्समचा खर्च लगेच करत नाही. पण जमीन नुसती क्षारयुक्त आहे की चोपण व्हायला लागलीय, हे कळायला सोडियमचं प्रमाण काढून घेणार आहे. आणि यावेळी कागद ट्रंकेत जाणार नाही. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात क्षारपड जमिनींवर काम चालतं, तिथं एक चक्कर मारायची आहे.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही आणि ती मला झोपू देत नाही. सच्छिद्र पाइप चार फुटांवर टाकले की खारं पाणी बाहेर येणार. ते सोडायचं कुठं? ओढ्यात. ओढ्याच्या खालच्या अंगाला ज्याच्या मोटारी आहेत, त्यानं ते का प्यायचं? पाइपची वाट जाते शेजाऱ्याच्या बांधावरनं, त्याच्याशी दोनदा बोललो. तो म्हणतो तुमच्या मिठाला मी का वाट देऊ? त्याचंही खोटं नाही. त्याला घेऊन एकदा वरपासून खालपर्यंत ओढा चालून यायचं ठरवलंय, कारण त्याच्याही दोन सऱ्या यंदा पांढऱ्या पडल्यात, त्याला फक्त अजून ते मान्य नाही.

दादा पावसाआधी येतोय. तिकीट काढलंय. म्हणाला, “हिवर बघायचाय.”

ज्यांनी काळ्या रानात निचरा केलाय त्यांनी पाइपांतलं अंतर किती ठेवलं, खोली किती, बाहेर पडलेलं पाणी कुठं सोडलं आणि शेजाऱ्याला कसं समजावलं, तेवढं कळवा. शेवटचं आधी कळवलं तर बरं होईल.